नकाशावरचा एक मिलिमीटर

विकास आराखड्याचा नकाशा १:१०००० या प्रमाणात काढलेला असेल, तर कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जागेवरचे दहा मीटर. नऊ मीटर रुंदीचा रस्ता त्या कागदावर मिलिमीटरभरही भरत नाही. ज्या रेघेने तो दाखवलेला असतो, ती रेघच कधीकधी त्याच्याएवढी जाड असते. घर रेघेच्या अलीकडे असलं तर राहतं, रेघेखाली आलं तर रस्त्यात जातं. आम्हा आर्किटेक्ट मंडळींना हे हिशेब इतके अंगवळणी पडलेले असतात की आपण काय वाचतोय याचं पुढे काही वाटेनासं होतं. ज्याचं घर त्या रेघेखाली आलंय, तो माणूस मात्र तो कागद आयुष्यात पहिल्यांदा बघत असतो, तोही सरकारी भिंतीवर टांगलेला, गर्दीत, मान उंचावून.

काही काळापासून मी नाशिकचं गावठाण आणि नदीकाठ यांच्या नियोजनाबद्दल सल्ला देणाऱ्या एका छोट्या समितीवर जाते. मानधन नाही. अधिकारही नाहीत, आम्ही सांगायचं, घ्यायचं की नाही ते प्रशासनाने ठरवायचं. मला कोणी बोलावलं नव्हतं, मी आपणहून पत्र देऊन नाव कळवलं. तेव्हापासून घरचे, ओळखीचे विचारतात, "कशाला गं हा व्याप?" व्यवसायातले स्नेही तेच जरा वेगळ्या सुरात विचारतात. दोघांनाही नीट उत्तर द्यायचं राहून गेलंय.

आधी कायद्याचं बोलते, कारण अशा कामासाठी कायद्यातच जागा आहे हे आमच्याच व्यवसायातल्या पुष्कळांच्या गावी नसतं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ सालचा. त्याच्या कलम २६ खाली प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो आणि लोकांकडून हरकती-सूचना मागवल्या जातात. कलम २८ प्रमाणे त्या हरकतींवर विचार करायला नियोजन समिती बसते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य असतात आणि त्यांच्या जोडीला नगररचनेचं किंवा पर्यावरणाचं विशेष ज्ञान अथवा प्रत्यक्ष अनुभव असलेली जास्तीत जास्त चार माणसं. निवडून आलेले तीन, जाणकार चार. ही विभागणी मला फार शहाणपणाची वाटते. निवडून आलेल्या माणसाला लोक माहीत असतात, जाणकाराला कागद माहीत असतो, आणि हरकत घेऊन आलेल्याला दोघांचीही गरज असते. मी आहे ती समिती कलम २८ची नाही, तिला तेवढं वजनही नाही. पण काम त्याच जातीचं आहे.

नाशिकला हे काम किती क्वचित वाट्याला येतं तेही बघा. नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिका आणि आजूबाजूची गावं मिळून १९८२ साली महापालिका झाली. तिचा पहिला विकास आराखडा मंजूर झाला १९९३ मध्ये. दुसरा २०१७ मध्ये. मधे एक मसुदा महासभेनेच फेटाळला आणि शासनाने दुसऱ्या अधिकाऱ्याकडून आराखडा नव्याने करून घेतला. तेवढ्या काळात गंगापूर रोडच्या मळ्यांवर सोसायट्या उभ्या राहिल्या, सिडको भरून गेलं, पाथर्डी फाट्याच्या पुढे शहर सरकलं. म्हणजे आराखड्यावर बोलायची संधी नाशिककराला कर्त्या वयात एकदा, फार तर दोनदा मिळते. ती हुकली की पुढची वीस-बावीस वर्षं त्या रेघांमध्येच राहायचं.

त्यात मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षं प्रशासक. प्रभागातल्या नगरसेवकाच्या घरी सकाळी जाऊन "भाऊ, आमच्या गल्लीचं काय ठरलंय?" असं विचारायचीही सोय राहिली नव्हती. नगररचना विभागाची कामं काही थांबली नव्हती, परवानग्या निघत होत्या, सिंहस्थाचे आराखडे तयार होत होते. खोलीत बसून निर्णय घेणारे होते, फक्त बाहेरून कोणी आत जात नव्हतं. नाव द्यायचा विचार माझ्या मनात पक्का झाला तो या काळात.

नकाशा वाचता येणारे लोक अशा वेळी खोलीत कोण कोण असतात? अधिकारी असतात, त्यांचं ते कामच आहे. बिल्डर असतात, किंवा त्यांच्या वतीने आलेले आर्किटेक्ट. त्यातही वावगं काही नाही. पैसे गुंतवलेल्या माणसाने आपला कागद समजून घेणारा माणूस सोबत आणावा, हे रास्तच आहे. मी स्वतः अशी कितीतरी कामं केली. नाशिकमध्ये कपाटांचा प्रश्न पेटला होता तेव्हा आमच्यातला प्रत्येक जण त्या खोलीत जाऊन आला असेल. बाहेर काढलेलं कपाट एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर जेवढं बांधता येतं त्या क्षेत्रफळात, धरायचं की नाही, एवढ्याशा मुद्द्यावर किती इमारतींचे पूर्णत्वाचे दाखले अडकले होते, आणि त्या दाखल्यांपायी किती कुटुंबं पैसे भरूनही ताटकळली होती! तेव्हा आम्ही सगळे नियम पाठ करून भांडलो. ते भांडण गरजेचं होतं. पण त्या खोलीत मला कधीही दिसला नाही तो तिसरा माणूस. ज्याचा बिल्डर नाही, ज्याने आर्किटेक्ट नेमलेला नाही, ज्याचं दोन खणांचं घर आहे आणि घराच्या कागदांची एक पिशवी आहे. त्याच्या बाजूने नकाशा वाचणारं तिथे कोणी नसतं.

समितीच्या अगदी सुरुवातीच्या बैठकांपैकी एक पंचवटीत झाली. पूररेषेचे नकाशे भिंतीवर लावले होते आणि लोकांनी येऊन बघावं असं कळवलेलं होतं. १९ सप्टेंबर २००८ च्या महापुरानंतर पाटबंधारे खात्याने गोदावरीच्या पूररेषा आखून दिल्या, हे बहुतेकांना ऐकून माहीत असतं. सत्तरीच्या पुढच्या एक आजी नातवाला घेऊन आल्या होत्या. प्लास्टिकच्या पिशवीत प्रॉपर्टी कार्ड, घरपट्टीच्या पावत्या, एक जुना फोटो. नकाशासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि मग निळ्या रेघेवर बोट ठेवून मला म्हणाल्या, "ताई, ही गंगा ना? मग आमचं घर गंगेत कसं दाखवलंय?"

आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. संध्याकाळी फिरायला जाणारा माणूस "गंगेवर जाऊन येतो" म्हणतो. आजींच्या हिशेबाने नकाशावर निळं ते पाणी, आणि पाणी म्हणजे गंगा. ती निळी रेघ नदीची नव्हती, निळ्या पूररेषेची होती. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येईल अशा पुराचं पाणी जिथवर पोहोचतं ती निळी. शंभर वर्षांतून एकदा येईल अशा पुराची ती लाल. नदीचा काठ आणि निळी रेषा यांच्या मधली जागा म्हणजे निषिद्ध क्षेत्र, तिथे नवं बांधकाम होत नाही. निळी आणि लाल यांच्या मधे बांधता येतं, पण अटींवर.

मी स्केल काढली, त्यांच्या प्रॉपर्टी कार्डावरून सिटी सर्व्हे नंबर शोधला आणि तो नकाशावर कुठे येतो ते नातवाच्या हाताने पेन्सिलीने टिंब करून घेतलं. घर निळ्या रेषेच्या आत होतं. जुनं, परवानगीचं, नोंदीचं घर. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की आता पत्रा बदलायचा म्हटलं तरी महापालिका घर पाडेल, आणि तेच माणूस पुढे म्हणालं होतं की त्यापेक्षा विकून टाका, मी गिऱ्हाईक बघतो. अधिकृत जुन्या घराची पुनर्बांधणी अटी पाळून करता येते, दुरुस्तीसाठी काय करावं लागतं आणि अर्ज कोणत्या टेबलावर द्यायचा, हे मी सांगितलं. फार तर पंधरा-वीस मिनिटांचं काम. त्यांनी पिशवीची गाठ परत मारली आणि विचारलं, "आमच्या शेजारणीचं पण बघाल का? ती खाली उभी आहे, वर यायला लाजते."

शेजारीण वर आली. मग आणखी एक जण आला. त्या दुपारी विषयपत्रिकेवरचं काही झालं नाही, आणि अध्यक्षांनी ते होऊ दिलं नाही याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

नदीकाठचं म्हणजे काय ते नाशिकबाहेरच्या वाचकाला कळावं म्हणून थोडं थांबते. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की वर्तमानपत्रात क्युसेकचे आकडे येतात, पण नाशिककर मोजतो ते नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीपर्यंत आलं, एवढ्या निरोपावर सराफ बाजारात आणि भांडी बाजारात माल वर चढवायला सुरुवात होते. फोनवर पहिला प्रश्न असतो, "मारुतीच्या कुठपर्यंत?" शिवाय दहीपूल आणि सराफ बाजाराच्या पोटातून सरस्वती नाला जातो, वरून झाकलेला. गोदावरी चढलेली असेल तेव्हा नाल्याचं पाणी नदीत उतरायला वाव मिळत नाही आणि वरचा पाऊस गल्लीतच साचतो. म्हणजे पाणी समोरूनही येतं आणि खालूनही. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये ज्यांनी ते पाहिलंय त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

आता नियम बघा. राज्यभरासाठीची एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झाली. पूररेषेच्या पट्ट्यात बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर हवं. वाचताना किती साधं वाटतं! माणसाचा जीव आणि माल वाचावा म्हणून घातलेली अट आहे, आणि हेतूबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण हाच नियम घेऊन सराफ बाजाराच्या एखाद्या गल्लीत जा. आम्ही गेलो होतो. एका दुकानदाराने भिंतीवर हात ठेवून २००८चं पाणी कुठे आलं होतं ते दाखवलं. हात त्याच्या छातीशी होता. तिथे रंगाच्या दोन थरांखाली अजून मळकट पट्टा दिसतो, त्याने तो मुद्दाम घासून काढलेला नाही. मी टेप लावला. त्या खुणेच्याही वर लाल रेषा, तिच्या वर अर्धा मीटर, म्हणजे दुकानाची फरशी कुठे आली? गल्लीतून चालणाऱ्याच्या डोक्याशी. पायऱ्या कुठे काढायच्या? गल्ली अशी की समोरासमोरून दोन स्कूटर आल्या तर एकीने थांबावं लागतं. आणि एका मालकाने हे केलं, शेजारच्याने केलं नाही, तर त्या दोन उंच जोत्यांच्या मधल्या जुन्या दुकानात पाणी आधीपेक्षा जास्त वेळ तुंबून राहील.

हे ज्याला दिसतं त्याने ते बोललं पाहिजे, आणि बोलण्याची जागा ड्रॉइंग टेबल नाही. एका दुकानाचा आर्किटेक्ट म्हणून मी एका दुकानाचं जोतं ठरवू शकते. गल्लीची पातळी कोण ठरवणार? रस्ता दर वेळी जुना थर न खरवडता वर चढवायचा नाही, हे कोण लिहून देणार? तळमजला पाण्याला सोसेल असाच बांधायचा, विजेची पेटी आणि तिजोरी वरच्या मजल्यावर न्यायची, पाण्याला एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने जायची वाट ठेवायची, असं गल्लीभर एकाच वेळी करता येईल का, हा प्रश्न एका गिऱ्हाइकाचा नाहीच. तो समितीत मांडला. लेखी दिला. त्याचं पुढे काय होईल ते आज सांगता येत नाही, पण इतिवृत्तात तो आकृतीसह नोंदला गेलाय, आणि पुढच्या अधिकाऱ्याला फाईल उघडली की तो दिसेल.

इतिवृत्ताचं महत्त्व मला या कामात कळलं. खोलीत छान बोललेलं हवेत विरतं. आमच्या बैठकीत आता मी आकृती काढून, त्यावर मोजमापं लिहून, ती इतिवृत्ताला जोडायचा आग्रह धरते. "नदीकाठच्या इमारतींबाबत योग्य ती काळजी घ्यावी" असल्या वाक्याने कोणाचंच भलं होत नाही. काय, कुठे, किती, हे लिहिलं तर कोणीतरी कधीतरी विचारू शकतं की हे का झालं नाही.

सिंहस्थाबद्दल लिहिल्याशिवाय नाशिकच्या नियोजनावर लिहिताच येत नाही. २७ ऑगस्ट २००३. पर्वणीचा दिवस, रामकुंडाकडे उतरणारी अरुंद वाट, आणि चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली. मी तेव्हा व्यवसायात नवी होते. त्या वाटेने आम्ही सगळेच लहानपणापासून ये-जा केलेली, त्यामुळे बातमी ऐकली तेव्हा नेमकी कुठली जागा असेल ते डोळ्यांपुढे आलं, आणि अंगावर काटा आला. उतार, वळण, दोन्ही बाजूंना घरं, आणि मागून येणाऱ्यांना पुढचं काही दिसत नाही. २०१५ च्या सिंहस्थात मार्ग बदलला गेला आणि ते योग्यच झालं. आता २०२७ तोंडावर आहे. रुंदीकरणाच्या चर्चा होतात तेव्हा एकच गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगते: वाट किती रुंद आहे यापेक्षा ती पुढे कुठे अरुंद होते ते बघा. अठरा मीटरचा रस्ता सहा मीटरच्या बोळात सोडला तर तो सगळाच रस्ता सहा मीटरचा, वरून धोक्याचा. घरं पाडून वरचा रस्ता रुंद केला आणि खालची मान तशीच ठेवली, तर घरंही गेली आणि माणसंही वाचली नाहीत. गर्दी कशी सरकते याचा अभ्यास असलेली माणसं या खोलीत हवीत. मला त्यातलं थोडंच येतं. मला येतं ते कागदावरची मान ओळखणं.

तपोवनात साधुग्रामासाठी, म्हणजे सिंहस्थात साधूंच्या मुक्कामासाठी, झाडं तोडण्याच्या विषयावर २०२५च्या अखेरीस शहर रस्त्यावर उतरलं. मला त्या आंदोलनाचं फार कौतुक वाटलं. हरकतीही भरपूर गेल्या. झाड दिसतं, त्याला हात लावता येतो, म्हणून माणसं त्याच्यासाठी उभी राहतात. नकाशावरचं आरक्षण, म्हणजे शाळा-मैदानासाठी राखून ठेवलेली जागा, असं दिसत नाही. खेळाच्या मैदानाचं आरक्षण उठलं तर तिथे पडल्याचा आवाज येत नाही.

आणि आरक्षणं उठतात. त्याच नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली, अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जागा ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि नोटिशीनंतरच्या मुदतीतही संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण संपतं. मालकाच्या बाजूने विचार केला तर हे न्याय्य आहे. कोणाची जमीन किती वर्षं अडकवून ठेवणार? पण नाशिकचा आराखडा २०१७चा आहे. दहा वर्षं मोजा. २०२७ येतं. सगळ्या शहराचं लक्ष, पैसा, अधिकारी, पोलीस गंगेवर लागलेले असतील, त्याच वर्षी शाळा, बागा, मैदानं, दवाखाने यांच्या आरक्षणांची दहा वर्षं भरतील. मला या योगाची फार काळजी वाटते. कोणती जागा आधी घ्यायची, कोणती टीडीआर (जागेच्या बदल्यात दुसरीकडे बांधायचा हक्क) देऊन मिळेल, कोणती आता सोडून दिली तरी चालेल, याची छाननी आत्ता करायला हवी. तीही जागेवर जाऊन, कारण कागदावर मैदान असतं आणि जागेवर तोपर्यंत तीन गाळे आणि एक गॅरेज उभं असतं.

आता व्यवसायातल्या स्नेह्यांच्या प्रश्नाकडे येते. नाव कळवलं त्याच आठवड्यात माझ्या जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. भला माणूस, आमचे घरोब्याचे संबंध. म्हणाला, "मॅडम, बरं झालं. आता आपलं माणूस आत आहे." त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. शहरात कामं अशीच होतात असं त्याने आयुष्यभर पाहिलंय. मी त्याला स्पष्ट सांगितलं की त्याच्या बाबतीत उलटंच होणार आहे: नदीकाठच्या त्याच्या प्लॉटचा विषय निघाला तर मी खोलीबाहेर जाईन, आणि त्या प्लॉटचं काम यापुढे आमच्या ऑफिसला करता येणार नाही. तो गप्प झाला. काम दुसरीकडे गेलं. दिवाळीला फराळ मात्र नेहमीसारखा आला.

भागीदाराशी बसून बोलावं लागलं, आणि ते गिऱ्हाइकाशी बोलण्यापेक्षा अवघड होतं. ऑफिसात पगार द्यायचे असतात. गावठाण आणि पूररेषेच्या पट्ट्यातली नवी कामं घ्यायची नाहीत असं आम्ही ठरवलं, हातात होती ती दुसऱ्यांकडे सोपवली. त्याला सगळं पटलं नव्हतं. तो म्हणाला, "तू समितीवर जाणार आणि कामं सोडायची आपण दोघांनी?" प्रश्न बिनतोड होता. मी त्याला एवढंच म्हटलं की मी जर दोन्ही डगरींवर पाय ठेवला तर त्या आजींच्या शेजारणीला वर यायला लाज वाटण्याचं कारण खरं ठरेल. तो तयार झाला. कुरकुरत झाला, पण झाला, आणि कागदावर सही त्यानेही केली. हातातल्या कामांची यादी आम्ही समितीला लेखी दिली. दर बैठकीच्या सुरुवातीला ती बदलली असेल तर मी सांगते.

कोणी म्हणेल, यात एवढं काय? कायद्याने कोणी विचारत नाही. म्हणूनच आपण सांगायचं. जाणकार माणूस म्हणून ज्याला खुर्ची मिळते, त्याच्यामागे मतदार नसतात, निवडणूक नसते, लोकांनी त्याला परत पाठवायची सोय नसते. त्याच्या शब्दाला वजन असतं ते त्यातून त्याला काही मिळत नाही एवढ्याच एका कारणाने.

आणखी एक गोष्ट आमच्या जमातीबद्दल प्रेमाने सांगते. आर्किटेक्ट समितीवर आला की चर्चा सुशोभीकरणाकडे वळते. दगडी कठडे, दिवे, कारंजी, फरशांचे नक्षीकाम. लोकांनाही आपल्याकडून तेच हवं असतं आणि आपल्याला ते जमतंही, म्हणून मोह होतो. रामकुंड परिसरातल्या जुन्या कुंडांचं काय झालं ते आठवा. सोयीसाठी, स्वच्छतेसाठी, सिंहस्थासाठी म्हणून तळाला काँक्रीट पडत गेलं आणि जिवंत झरे त्याखाली गेले. ते काँक्रीट काढा म्हणून गोदाप्रेमी मंडळी किती वर्षं कोर्टकचेऱ्या करत आहेत. काँक्रीट टाकताना कोणाच्या मनात वाईट नव्हतं. तिथे फक्त असा माणूस नव्हता ज्याने विचारावं की याच्या खाली काय आहे. समितीत बसलेल्या आर्किटेक्टने आपली आवडनिवड ऑफिसात ठेवून यावं असं माझं ठाम मत झालंय. आपण तिथे कुठला दगड लावावा हे सांगायला जात नाही. हा नियम लागू केला तर कोणाच्या उंबऱ्याशी काय होईल, ते आपल्याला इतरांपेक्षा आधी दिसतं, तेवढं सांगायला जातो.

काझीच्या गढीवर हे मला नीट समजलं. नदीच्या काठावरचा तो मातीचा उंच ढिगारा, कडेपर्यंत घरं, आणि दर पावसाळ्यात ढासळणारी माती. पावसाळा आला की नोटिसा, स्थलांतराच्या सूचना, थोडे दिवस शाळेत मुक्काम, आणि पाऊस ओसरला की माणसं परत. बाहेरच्याला वाटतं, ही माणसं ऐकत का नाहीत? जुन्या वाड्यांमधल्या भाडेकरूंचंही तसंच. महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ची धोकादायक इमारतीची नोटीस भिंतीवर चिकटते, सागवानी तुळया वाळवीने पोखरलेल्या, पांढऱ्या मातीच्या भिंती फुगलेल्या, आणि आतली माणसं हलत नाहीत. कारण एकदा बाहेर पडलं की परत यायला हक्क राहील का, याचं उत्तर त्या नोटिशीत नसतं. त्यांना धोका दिसत नाही असं नाही, तो आपल्यापेक्षा जास्त दिसतो, रात्री माती पडल्याचा आवाज त्यांनाच येतो. त्यांना भीती दोन आहेत आणि नोटीस एकाच भीतीबद्दल बोलते. समितीत मी मांडलेला मुद्दा एवढाच होता की धोकादायक घराची नोटीस देताना त्या घरात कोण कोण राहतं, किती जागेत राहतं, याचा मोजून केलेला तक्ता त्याच दिवशी तयार करावा आणि त्याची एक प्रत राहणाऱ्याच्या हातात द्यावी. मोजणं आम्हाला येतं. दोन विद्यार्थी आणि एक टेप असेल तर एक वाडा एका सकाळी मोजून होतो. नाशिकमध्ये आर्किटेक्चरची कॉलेजं आहेत, मुलांना मेझर्ड ड्रॉइंग करायचंच असतं. देवळांची करतात, वाड्यांच्या चौकांची करतात. माणसं राहतात त्या खोल्यांचीही करावीत.

काही गोष्टी होत नाहीत. बैठक ठरते आणि रद्द होते. दिलेलं पत्र दुसऱ्या विभागात जातं आणि तिथून तिसऱ्या. कधी अख्खी दुपार बसून एका वाक्याची दुरुस्ती होते. मला याचा त्रास होतो, नाही असं नाही. पण साईटवर स्लॅब पडायला महिने लागतात ते आम्हाला चालतं, आणि शहराचा निर्णय दोन बैठकांत व्हावा असं वाटतं, हे बरोबर नव्हे.

पुढच्या बैठकीसाठी मी दोन विषय दिले आहेत. पूररेषेचे नकाशे पंचवटी आणि पश्चिम विभागीय कार्यालयांत कायम लावलेले असावेत, सिटी सर्व्हे नंबरांसह, मराठीत, आणि डोळ्यांच्या उंचीवर. आणि गावठाणातल्या आरक्षणांची जागेवर जाऊन केलेली यादी पावसाळ्याआधी सुरू व्हावी. यादीचं काम मोठं आहे, मला एकटीला झेपणारं नाही. नाशिकमधल्या ज्या आर्किटेक्ट मित्रमैत्रिणींना सिडको, सातपूर, नाशिकरोड, मखमलाबाद यातला एखादा भाग पायाखालचा आहे, त्यांनी आपापल्या भागासाठी नाव द्यावं. पत्र साध्या कागदावर चालतं. नोंदणी क्रमांक लिहा, आठवड्यातली कोणती दुपार देऊ शकता ते लिहा, आणि त्या भागात तुमच्या ऑफिसची कोणती कामं चालू आहेत त्याची यादी सोबत जोडा. ती यादी कोणी मागणार नाही. तरी जोडा.